शहरात सिंथेटिक ट्रॅक झाला, गावाला काय मिळालं?

शिट्टी:
काल 'सहावी लेन' यांनी लिहिलं की, जिल्ह्याच्या ठिकाणी सिंथेटिक ट्रॅक झाला की सगळ्या जिल्ह्याचा फायदा होतो, ग्रामीण मुलांवर काय परिणाम होईल हे वेगळं बघायची गरजच नाही, कारण ट्रॅक सगळ्यांना सारखाच. वाचून राहवलं नाही.

सर, ट्रॅक सारखा असेल, पण तिथवर पोचणं सारखं नाही. मी खेड्यातल्या हायस्कुलात पीटी शिकवतो. शहर पन्नासेक किलोमीटरवर. सकाळची पहिली एसटी शहरात पोचते तेव्हा ट्रॅकची सकाळची वेळ संपलेली असते. संध्याकाळची वेळ पाच ते सात, आणि आमची शेवटची गाडी सव्वासहाची. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, पण तो गाव ते शाळा. मैदानापर्यंत तो चालत नाही.

हे एकवेळ सोसलं असतं. पण ट्रॅक झाल्यावर जिल्हास्तर मैदानी स्पर्धाही तिकडेच गेल्या. आधी त्या मातीवर, फक्की मारलेल्या ट्रॅकवर व्हायच्या आणि अर्धी पोरं अनवाणी पळायची. आता शहरातली मुलं स्पाइक्स घालून रोज त्याच ट्रॅकवर सराव करतात, आणि माझी पोरं तो ट्रॅक पहिल्यांदा बघतात ती थेट स्पर्धेच्या दिवशी. गेल्या मोसमात माझी एक मुलगी आठशे मीटरला अनवाणी उभी राहिली. भर दुपारची हीट, म्हणजे प्राथमिक फेरी. रबर इतकं तापलेलं की 'ऑन युवर मार्क' होईपर्यंत ती एकेक पाय उचलून धरत होती. दुसऱ्या चकरेला शर्यत सोडून बाहेर आली. तळव्यांना फोड आले होते. मातीवर तिची वेळ त्या दिवशीच्या पहिल्या नंबरच्या आसपास होती.

म्हणजे सुधारणा शहराच्या मैदानाची झाली आणि गावाची पोरगी होती तिथून मागे ढकलली गेली. हा परिणाम नाही तर काय आहे? काम मंजूर होण्याआधी हे कुणीतरी मोजायला नको?

सहावी लेन:
मुलीचं वाईट वाटलं, मनापासून. पण तुमचा निष्कर्ष मान्य नाही. तुम्ही जिल्ह्याला मातीवर स्पर्धा घ्याल, ती निवडून येईल. पुढे विभागाला, राज्याला तिला सिंथेटिकवरच पळायचंय ना? तिथे फोड येणार नाहीत? हॉकीत आपण हेच केलं. १९७५ ला विश्वचषक जिंकला, आणि १९७६ ला मॉन्ट्रियलमध्ये पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर ऑलिंपिक झालं तर सातवे आलो. बाकीचे देश टर्फ टाकत सुटले आणि आपण गवताला धरून बसलो.

आणि पैशाचं म्हणाल तर २०२२ साली क्रीडा संकुलांचं अनुदान वाढलं. तालुक्याला १ कोटीचे ५, जिल्ह्याला ८ चे २५, विभागाला २४ चे ५०. तालुक्याचं पाचपट, जिल्ह्याचं तिप्पट, विभागाचं दुप्पट. गावाला डावललं म्हणता, कुठे डावललं?

गायरान:
ते पाचपटवालं संकुल आमच्या तालुक्यातही आहे की! गावापासून तीन किलोमीटर लांब, माळावर. जागा फुकट मिळाली म्हणून तिथे बांधलं. गेटला कुलूप, आत कमरेएवढं गवत, वीजबिल थकलं म्हणून मीटर काढलेला. चौकीदाराचा पगार कुणी द्यायचा हेच ठरलेलं नाही. बांधायला पैसा येतो, चालवायला येत नाही. तेवढं त्या आकड्यांत धरा.

खाकी_स्वप्न:
मी पोलीस भरतीची तयारी करतो. माझ्यासारखी गावात तीसेक पोरं-पोरी आहेत. १६०० मीटरला २० पैकी २० घ्यायचे तर ५ मिनिटं १० सेकंदात यावं लागतं. मुलींना ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदात. आम्ही पहाटे चारला हायवेच्या कडेने पळतो. सोळाशेची खूण पुलाच्या कठड्यावर ऑइलपेंटनं केलीय. एक जण मागे मोटरसायकलवर, हेडलाइट लावून, म्हणजे मागून येणाऱ्याला आम्ही दिसतो. शेजारच्या गावातला एक पोरगा असाच पळताना टेम्पोखाली गेला.

आम्हाला सिंथेटिक नकोय. चारशे मीटरचा सपाट मातीचा राऊंड, रोलर फिरवलेला, आणि दोन दिवे. शहरातल्या एका ट्रॅकच्या पैशात असे किती राऊंड होतील याचा हिशोब कुणी मांडलाय का? मांडला असेल तर दाखवा.

पैलतीर_बेलफास्ट:
मी उत्तर आयर्लंडमध्ये राहते. इथे २०१६ चा रुरल नीड्स अ‍ॅक्ट आहे. २०१७ पासून स्थानिक कौन्सिलांना लागू झाला. धोरण ठरवताना, सेवा आखताना ग्रामीण गरजांचा विचार केला पाहिजे आणि केला हे नोंदवलं पाहिजे. पाच हजारांपेक्षा कमी वस्तीची गावं आणि त्याबाहेरचा शेतशिवार म्हणजे ग्रामीण. शहरातल्या एखाद्या खेळाच्या मैदानाचा आराखडा असला तरी प्रश्न तेच. खेड्यातली माणसं तिथे कशी पोचणार, त्यांना विचारलंत का, त्यामुळे आराखड्यात काय बदललं. शिट्टी सर म्हणताहेत ते अशक्य मुळीच नाही.

सहावी लेन:
ताई, आपल्याकडे असा फॉर्म आला तर क्लार्क सगळ्या रकान्यांत 'निरंक' लिहून मोकळा होईल. कागद वाढवून खेळाडू घडत नाहीत.

पैलतीर_बेलफास्ट:
इथेही 'परिणाम नाही' असं दोन ओळींत उरकणारे आहेतच, ते मी नाकारत नाही. पण ते लिहिलेलं सही-शिक्क्यासह राहतं. उद्या खेड्यातला माणूस तोच कागद हातात घेऊन विचारू शकतो. तुमच्याकडे विचारायला कागदच नाही.

लाल_माती:
ट्रॅकचं काय घेऊन बसलाय राव, आमच्या कुस्तीकडं बघा. मॅटची गादी आली आणि गावची तालीम मेली. कुस्तीचा मातीचा हौद करायला काय लागतंय? तांबडी माती, हळद, ताक, लिंबू, तेल. गाव वर्गणी काढतंय, पोरं स्वतः खोऱ्यानं माती ओढत्यात, त्यातच निम्मा व्यायाम होतोय. गादीला बारा बाय बारा मीटरची जागा, वर पत्रा, खाली सपाट कोबा. कुठल्या गावाला जमणार? महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी वेगळी खेळवत्यात आणि शेवटची कुस्ती ठेवत्यात गादीवर. मग मातीवाल्यानं काय करायचं? ज्या खासबागेत शाहू महाराजांनी हजारो माणसं बसतील असं मैदान बांधलं, तिथं माती आहे म्हणून आज कमीपणा मानायचा?

दुहेरी_पट:
लाल माती, भावनेत वाहून जाऊ नका. खाशाबा जाधव गोळेश्वरचे, मातीतलेच. १९४८ ला लंडनमध्ये गादीवर सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्य. ते पदक मातीवर मिळालं नाही. आज गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, गुणांवर निकाल. मातीत अर्धा तास खडाखडी करणारा पोरगा तिथे पहिल्या मिनिटात चार गुण देऊन बसतो. मी स्वतः बसलोय. वस्तादांनी मला गादी दाखवलीच नव्हती, माझी ऐन उमेदीची वर्षं त्यात गेली. माझ्या पोराचं तसं होऊ देणार नाही.

लाल_माती:
म्हणजे दोष वस्तादाचा? ज्यानं तुला पदरचं खाऊ घातलं त्याचा?

दुहेरी_पट:
वस्तादांबद्दल एक शब्द वाकडा बोललेलो नाही, तोंडी घालू नका. गादी गावात आणा म्हणतोय. तुम्ही ती गावाबाहेर ठेवा म्हणताय. गावाचं वाटोळं कशानं होईल ते तुम्हीच ठरवा.

लाल_माती:
गावात आणा म्हणायला सोपं. कोण आणणार? दहा वर्षं ऐकतोय.

दुहेरी_पट:
आमच्या गावात आणली. वापरलेली, दोन जागी शिवलेली, पण आणली. समाजमंदिराच्या हॉलात अंथरतो, लग्न असलं की गुंडाळतो. आठवड्यात तीन दिवस गादी, बाकी हौद. तुमची माती कुणी हिसकावून घेतलेली नाही.

लाल_माती:
तसं असंल तर बोलणं नाही. पण फायनल मातीवरच पाहिजे, ह्यावर मी ठाम आहे.

मांजराकाठ:
कुस्ती संपली असेल तर पाण्याचं बोलतो. मी लातूरचा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आमच्याकडे आली, त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितलं. खेळपट्टीला सांडपाणी शुद्ध करून वापरू असं क्रिकेटवाले म्हणत होते, तरीही. मैदानाच्या हिरवळीचा आणि आमच्या घागरीचा संबंध आहे हे लक्षात यायला कोर्टात जावं लागलं, तेही वेळापत्रक जाहीर झाल्यावर. आणि पुण्याचं म्हणतात ते स्टेडियम कुठे आहे? गहुंज्यात, मावळ तालुक्यात! हॉकीचं पाण्याचं टर्फ तर सामन्याआधी भिजवावंच लागतं. शिट्टी सर पोरांच्या पोचण्याचं बोलले, त्यात पाणीही जोडा.

सहावी लेन:
सामने हलवून लातूरला एक थेंब जास्त मिळाला का?

मांजराकाठ:
रांगेत उभं राहायची वेळ तुमच्या घरावर आली असती तर हा प्रश्न तुम्ही विचारला नसता.

सहावी लेन:
असं बोलायचं असेल तर चर्चाच नको. माझी आयुष्याची उमेद याच खेळात गेलीय, मला गावाचा वैरी ठरवू नका. कविता राऊत सावरपाड्याची. नाशिकला आली, चांगला प्रशिक्षक मिळाला, आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य घेऊन गेली. ती गावातच राहिली असती तर? गुणी पोराला एका ठिकाणी ट्रॅक, प्रशिक्षक, राहणं-जेवण सगळं द्यावं लागतं. ते गावोगाव होत नाही.

शिट्टी:
तुम्ही दिलेलंच उदाहरण घेऊ. कविता पुढे गेली ती प्रशिक्षकामुळे आणि राहायची सोय झाली म्हणून. अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, शाळेला सहा किलोमीटर चालत-पळत जाणारा. त्याला धावपटू केलं ते लष्करानं. बारावीनंतर भरती झाला नसता तर? दोघांच्याही गोष्टीत जिल्ह्याच्या ट्रॅकचं नाव येत नाही. नुसतं रबर अंथरून ग्रामीण खेळाडू घडत नाही, आणि आपल्या जिल्ह्यात तर पैसा नुसत्या रबरावर गेलाय. वसतिगृह नाही, पूर्णवेळ प्रशिक्षक नाही. सकाळी पहिल्या दोन लेनमध्ये चालायला येणाऱ्यांची गर्दी असते. मासिक शुल्क भरणारे तेच आहेत.

सहावी लेन:
चालणाऱ्यांना आतल्या लेनमधून हटवा, हे मी पण ओरडून सांगतोय, तिथे आपलं जमलं. वसतिगृह हवं, मान्य. तालुक्याच्या स्पर्धा मातीवर राहू द्या, तेही चालेल. पण जिल्ह्याची स्पर्धा सिंथेटिकवरच. त्यात माघार नाही.

शिट्टी:
मग स्पर्धेच्या आधीचे दोन रविवार ट्रॅक बाहेरगावच्या शाळांना मोकळा ठेवा, शुल्काशिवाय. आठशे आणि पंधराशेच्या हीट सकाळी दहाच्या आत उरका. लांबून येणाऱ्या शाळांची आदल्या रात्री राहायची सोय करा. पुढच्या बैठकीत हे लेखी देतोय. तुम्ही समितीवर आहात, सही करणार का एवढं सांगा.

सहावी लेन:
रविवारचं आणि राहण्याचं करतो. हीटच्या वेळेचं माझ्या हातात नाही, पंच किती मिळतात त्यावर आहे.

खाकी_स्वप्न:
आणि आमचे दोन दिवे?

गायरान:
तालुक्याच्या संकुलाची वीज जोडून आण, भावा. तिथे राऊंडही आहे, गवताखाली. चार पोरं आणि एक ट्रॅक्टर घेऊन ये रविवारी, रोटाव्हेटर माझा. किल्ली कुणाकडे असते ते मला माहिती आहे.