मदत हवी आहे: नर्सच्या मुलीला शाळेत जागा कशी मिळवावी? (इंग्लंड, कोविड लॉकडाऊन, जानेवारी २०२१)

नमस्कार मंडळी,
मी एनएचएसमध्ये (इथल्या सरकारी आरोग्यसेवेत) वॉर्डवर नर्स आहे. सोमवारी, ४ जानेवारी २०२१ ला, एकच दिवस शाळा भरली आणि रात्री लॉकडाऊन जाहीर झाला. 'क्रिटिकल वर्कर'च्या (नर्ससारखी अत्यावश्यक कामं करणाऱ्यांच्या) मुलांसाठी शाळा सुरू आहेत, म्हणून लगेच फॉर्म भरला. शाळेचं उत्तर आलं: वडील घरून काम करतात, त्यामुळे जागा देता येणार नाही.

सरकारी नियमात आई-वडिलांपैकी एक जण क्रिटिकल वर्कर असला तरी चालतं. पण शक्य असेल तर मूल घरीच ठेवा, असंही त्यातच लिहिलंय. शाळा त्यावरच बोट ठेवते आहे. त्यांचीही अडचण कळते, मार्च २०२० च्या पहिल्या लॉकडाऊनपेक्षा यंदा मागणी खूप वाढलीय.

पण घरी काय चाललंय ते सांगते. नवरा दिवसभर कॉलवर. पाच वर्षांची लेक शेजारी टॅबलेट घेऊन बसते, ऑनलाइन तासात फोनिक्सचा (अक्षरांच्या उच्चारांचा) आवाज आला नाही की त्याची बाही ओढते. बाई विचारतात तेव्हा हिचा माईक बंद असतो. परवा ती रडतच उठून गेली. माझी ड्यूटी साडेबारा तासांची, घरी येते तेव्हा ती झोपलेली असते. भारतातून आजी-आजोबांना बोलावणंही आत्ता शक्य नाही.

कुणी असा नकार आल्यावर पुन्हा अर्ज केलाय का? मॅनेजरच्या पत्रात नेमकं काय लिहून घ्यावं? नवऱ्याच्या ऑफिसचंही पत्र जोडावं का? आठवड्यातले दोन-तीनच दिवस मागितले तर शाळा ऐकते का? आणि थेट हेडटीचरशी बोलावं की आधी कौन्सिलला (स्थानिक प्रशासनाला) फोन करावा? कृपया अनुभव सांगा, पुढच्या आठवड्याचा रोटा (ड्यूटीचं वेळापत्रक) लागलाय.