ओकेएलसीएच वापरलं की क्रोम १०९ मध्ये बटणाचा रंगच गायब, फॉलबॅक लिहूनसुद्धा

निळीशाई:
मंडळी, एका साइटचं सीएसएस (पानाचं दिसणं ठरवणारा कोड) नव्याने लिहितेय. आधी सगळे रंग हेक्समध्ये (#ff0000 सारखे कोड) होते, होव्हरला (माउस वर नेल्यावर) वेगळा हेक्स, बॉर्डरला वेगळा, एक रंग बदलायचा म्हटलं की सगळ्या फाइल्स धुंडाळत बसायचं. म्हणून सगळं ओकेएलसीएचवर (लाइटनेस, क्रोमा, ह्यू अशा आकड्यांत रंग लिहायची नवी पद्धत) आणलं, रूटमध्ये, म्हणजे सगळ्या पानाला लागू होणाऱ्या जागी, व्हेरिएबल्स ठेवले आणि होव्हरच्या छटा कलर-मिक्सने (दोन रंग मिसळणारं फंक्शन) काढल्या. नव्या ब्राउझरमध्ये एकदम झकास दिसतंय.

पण टेस्टिंगला विंडोज ७ चं एक मशीन आहे, त्याच्यात क्रोम १०९, आणि तिथे मेन बटणाचं बॅकग्राउंडच येत नाही. अक्षरं पांढरी, पान पांढरं, म्हणजे बटण आहे हेच कळत नाही. फॉलबॅक (नवा रंग न जमल्यास वापरायचा पर्यायी रंग) दिलेला आहे, --ब्रँड हे व्हेरिएबल दोनदा लिहिलंय, वर आरजीबी आणि त्याच्या खाली ओकेएलसीएच. ब्राउझरला जी ओळ कळत नाही ती तो सोडून देतो ना? मग वरची का घेत नाही? व्हार (व्हेरिएबलची व्हॅल्यू मागणारं फंक्शन) च्या कंसात स्वल्पविराम देऊन दुसरा रंग टाकून बघितला, काही फरक नाही. त्याच मशीनवर फायरफॉक्स ११५ मध्ये मात्र सगळं व्यवस्थित दिसतंय, त्यामुळे डोकं अजूनच चक्रावलंय.

अर्धविराम:
फायरफॉक्सचं कोडं सोपं आहे. ओकेएलसीएच आणि कलर-मिक्स दोन्ही क्रोममध्ये १११ पासून आले आणि फायरफॉक्समध्ये ११३ पासून, दोन्ही २०२३ मध्येच. विंडोज ७ वर क्रोम १०९ ला थांबला, म्हणजे अगदी दोन व्हर्जननी हुकलं, आणि फायरफॉक्स ११५ ला थांबला म्हणजे तो आत बसला.

आता मुख्य मुद्दा. "कळत नाही ती ओळ सोडून देतो" हे साध्या प्रॉपर्टीला लागू आहे. बॅकग्राउंड-कलर ला वर आरजीबी आणि खाली थेट ओकेएलसीएच लिहिलं असतं तर १०९ ने खालची ओळ वाचतानाच टाकून दिली असती आणि वरची चालली असती. कस्टम प्रॉपर्टीचं, म्हणजे तुमच्या --ब्रँड सारख्या व्हेरिएबलचं, तसं नाही. --ब्रँड मध्ये काय भरलंय याच्याशी ब्राउझरला वाचताना काहीच देणंघेणं नसतं, त्याच्यात तुम्ही रंग लिहा नाहीतर अजून काही लिहा, त्याच्या दृष्टीने ते चालतं. म्हणून तुमच्या दोन ओळींपैकी खालची जिंकली, जुन्या क्रोममध्येसुद्धा. पुढे बटणाने व्हार(--ब्रँड) मागितलं तेव्हा कुठे त्याला कळलं की हा रंगच नाही, पण तोपर्यंत वरची आरजीबी ओळ कधीच फेकून दिलेली असते, परत जायला जागा नाही. मग तो बॅकग्राउंड-कलर ला त्याची मूळ व्हॅल्यू देतो, म्हणजे पारदर्शक. बटण पांढऱ्यावर पांढरं व्हायचं कारण हे.

स्वल्पविरामानंतरचा रंग पण म्हणूनच लागत नाही. तो फक्त व्हेरिएबल भरलेलंच नसेल तेव्हा वापरतात, आणि तुमचं तर भरलेलं आहे, त्याला न कळणाऱ्या मजकुराने.

उपाय: रूटमध्ये --ब्रँड फक्त आरजीबीचं ठेवा. मग @सपोर्ट्स चा ब्लॉक (ब्राउझरला अमुक गोष्ट जमत असेल तरच आतलं लागू करणारा), अट म्हणून (कलर: ओकेएलसीएच(०% ० ०)), आणि त्याच्या आत परत रूट उघडून --ब्रँड ला ओकेएलसीएच द्या. जुना ब्राउझर त्या ब्लॉकच्या आत शिरतच नाही. बटणाच्या सीएसएसला हात लावायची गरज नाही, ते आहे तसंच व्हार(--ब्रँड) मागत राहील.

कडकपान:
एवढा आटापिटा कशाला, सरळ एचएसएल (ह्यू, सॅच्युरेशन, लाइटनेसवाली जुनी पद्धत) वापरा की, ते सगळीकडे चालतं आणि छटा पण काढता येतात.

खडूफळा:
@कडकपान एचएसएल चालतं हे खरं, पण छटा काढायलाच ते दगा देतं. शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा शेजारी ठेवून बघा, एचएसएलमध्ये दोघांची लाइटनेस ५०% आहे, आणि डोळ्याला पिवळा झगझगीत आणि निळा गडद दिसतो. ओकेएलसीएचमध्ये तोच पिवळा साधारण ९७% ला येतो आणि निळा ४५% ला, म्हणजे आकडा डोळ्याच्या जवळ जातो. ब्यॉर्न ऑटोसन यांनी २०२० मध्ये ओकेलॅब ही रंग मोजायची पद्धत मांडली ती ह्याच साठी, आणि ओकेएलसीएच हे त्याचंच दुसरं रूप. सहा रंगांची बटणं आहेत आणि सगळ्यांवर पांढरी अक्षरं टाकायची आहेत अशा वेळी लाइटनेस एकदा ठरवून फक्त ह्यू (लाल, हिरवा, निळा हा मूळ रंग) फिरवता येणं ही फार मोठी सोय आहे, ती जुन्या ब्राउझरपायी सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

निळीशाई:
@अर्धविराम जमलं! बटण दिसायला लागलं. पण होव्हर केलं की परत गायब होतंय. तिथे कलर-मिक्स आहे, ओकेलॅबमध्ये व्हार(--ब्रँड) आणि थोडा काळा, आणि त्याच्या वरच्या ओळीत साधा आरजीबी दिलाय. ही तर साधी प्रॉपर्टी आहे, व्हेरिएबल नाही. मग इथे काय झालं?

अर्धविराम:
ओळीत कुठेही व्हार आला की ती ओळ ब्राउझर वाचताना पास करतो, कारण आत काय येणार हे त्याला तेव्हा ठाऊक नसतं. म्हणजे वरचा आरजीबी पुन्हा वाया गेला आणि होव्हरला परत पारदर्शक. थेट रंग टाकून कलर-मिक्स लिहिलं असतं तर फॉलबॅक लागला असता, व्हार टाकल्यामुळे नाही.

म्हणून होव्हरसाठी पण वेगळं व्हेरिएबल करा, --ब्रँड-होव्हर, बाहेर आरजीबी आणि @सपोर्ट्स च्या आत कलर-मिक्स. आणि एक जपून करा, @सपोर्ट्स च्या अटीत व्हार लिहू नका. अटीत व्हार असला की तेच कारण, व्हेरिएबल समजणारा प्रत्येक ब्राउझर "हो, मला येतं" म्हणतो आणि अट कायम खरी होते. अटीत लाल, काळा असे साधे रंग टाका.

जे फंक्शन वापरताय त्याचीच अट लिहा हेही आलंच. एका रंगातून दुसरा काढायची ती फ्रॉम वाली पद्धत वापरलीत तर ओकेएलसीएचची अट पुरणार नाही, कारण फायरफॉक्समध्ये फ्रॉम १२८ पासून आहे. तुमच्या त्या मशीनवरचा ११५ ओकेएलसीएचला हो म्हणेल आणि फ्रॉमला अडकेल. लाइट-डार्क (उजळ किंवा गडद थीमनुसार रंग निवडणारं फंक्शन) तर त्याच्यात नाहीच, ते १२० पासून.

टाकसाळ:
हे सगळं हाताने लिहायचं नसेल तर पोस्टसीएसएस प्रीसेट एन्व्ह हे नवं सीएसएस जुन्या ब्राउझरसाठी बदलून देणारं टूल आहे, तो ओकेएलसीएचवरून आरजीबी स्वतः काढतो आणि व्हेरिएबल असेल तर @सपोर्ट्स पण घालून देतो. फक्त ब्राउझर्सलिस्टमध्ये (कोणते ब्राउझर सांभाळायचे त्याची यादी) क्रोम १०९ आहे ना ते बघा, नसेल तर तो फॉलबॅक काढायच्या भानगडीत पडणार नाही. कलर-मिक्समध्ये व्हार असेल तर मात्र त्याचेही हात बांधलेले, बिल्डच्या वेळी रंग माहीत नसतो, तिथे वरचाच उपाय. टेलविंड ४ (तयार क्लासेस देणारं सीएसएस फ्रेमवर्क) वर जायचा विचार असेल तर तेही लक्षात घ्या, त्याला क्रोम १११ पासून पुढचंच लागतं.

खडूफळा:
@निळीशाई फॉलबॅकचा आरजीबी अंदाजाने नका टाकू, कलर पिकरमधून काढा, आणि क्रोमा (रंगाचा भडकपणा) फार वर गेलेला असेल तर तो रंग एसआरजीबीत (साध्या स्क्रीनला दाखवता येणारे रंग) बसतच नाही. मग साध्या स्क्रीनवर ब्राउझर आरजीबीचे चॅनेल सरळ कापतो आणि छटा सरकते, म्हणजे ओकेएलसीएच कळणाऱ्या ब्राउझरमध्येही तुम्ही ठरवलेला रंग दिसत नाही. भडक रंग हवाच असेल तर मूळ व्हॅल्यू एसआरजीबीत बसेल अशी ठेवा आणि भडक वाला मीडिया क्वेरीत (स्क्रीन कशी आहे ते तपासणारी अट) कलर-गॅमट पी३, म्हणजे जास्त रंग दाखवणाऱ्या स्क्रीनच्या अटीखाली द्या. फॉलबॅकचं कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि बॅकग्राउंड यांच्या उजळपणातला फरक) वेगळं तपासा, छोट्या अक्षरांना ४.५ ला १ लागतं, आणि जुन्या ब्राउझरवर असलेल्या माणसाला फॉलबॅक हीच साइट असते.

निळीशाई:
दोन्ही व्हेरिएबल्स @सपोर्ट्स मध्ये नेले, १०९ मध्ये होव्हर पण नीट येतंय. लिंकचा फॉलबॅक ४.५ च्या खाली निघाला, तो गडद केला. आता फोकसची रिंग (कीबोर्डने निवडलेल्या बटणाभोवतीची कड) राहिलीय, तिथेही व्हार टाकून कलर-मिक्स लिहिलेलं सापडलं, तेही तसंच हलवते.