दोन डोंगल, दोन अँटेना, तरी दिशा लागत नाही

गच्चीवरचा रेडिओ:
पुढच्या महिन्यात आमच्या हॅम (हौशी रेडिओ) क्लबचा फॉक्स हंट आहे, 145 मेगाहर्ट्झवर लपवलेला ट्रान्समीटर शोधायचा. गच्चीवर दोन उभ्या अँटेना दोन मीटर अंतरावर लावल्या, दोन आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीवर चालणारे छोटे रेडिओ रिसीव्हर) एका लॅपटॉपला जोडले आणि फेजमधला फरक, म्हणजे एकच लहर दोन अँटेनांवर किती मागेपुढे पोचते ते, मोजून त्यावरून दिशेचा कोन काढायला बसलो. मित्र समोरच्या मैदानात सेटचं बटण दाबून उभा होता, जागचा हलला नाही. माझा कोन मात्र 20, मग 70, मग उणे 40! प्रोग्राम तीनदा तपासला. कुठे चुकतंय?

टेपवाला:
हंटला लॅपटॉप घेऊन धावणार आहेस का? पीव्हीसी पाइपवर स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे लावून तीन एलिमेंटची (दांड्यांची) यागी कर, म्हणजे एकाच दिशेने जास्त ऐकणारी अँटेना. झुडपात घुसलं तरी पट्टी वाकते आणि परत सरळ होते.

जुना ऑपरेटर:
यागी करच, पण तुझा प्रयोगही सोडू नकोस. प्रोग्रामला हात न लावता आधी एकाच अँटेनाची केबल स्प्लिटरमधून (एक सिग्नल दोघांत वाटणाऱ्या जोडातून) दोन्ही डोंगलना दे. आता फरक स्थिर राहायला हवा. तो राहणार नाही. प्रत्येक डोंगलमध्ये 28.8 मेगाहर्ट्झचा स्वतःचा क्रिस्टल असतो, तेच त्याचं घड्याळ. दोघांत दहा लाखांत एक एवढा जरी फरक असला, तरी 145 मेगाहर्ट्झवर फेज सेकंदाला 145 फेऱ्या मारते. तू मोजत होतास ते क्रिस्टलचं भांडण, मित्राची दिशा नव्हे. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 डिश आहेत, काही एकमेकींपासून 25 किलोमीटरवर, पण सगळ्यांना संदर्भ एकाच घड्याळाचा, ऑप्टिकल फायबरमधून पोचवलेला. तूही एका क्रिस्टलवर दोन्ही डोंगल चालव. आणि हो, दर वेळी चालू केल्यावर स्प्लिटर लावून शून्य जुळवायचंच, कारण सुरुवातीची फेज दर वेळी वेगळी येते.

दुसरं, अंतर. तुझी तरंगलांबी 2.07 मीटर. अँटेना दोन मीटरवर ठेवल्यास, तर समोरून आलेली लहर आणि अगदी बाजूने आलेली लहर जवळपास सारखीच दिसते. अंतर एक मीटरवर आण. केबलही सारख्या काप. साध्या आरजी-58 केबलमध्ये 10 सेंटीमीटर जास्त झाले की फेज 26 अंशांनी सरकते, म्हणजे समोरची दिशा आठेक अंशांनी चुकली. एवढं करूनही लहर पुढून आली की मागून, हे दोन अँटेना सांगू शकत नाहीत. त्याला तिसरी हवी, त्याच रेषेत नाही, बाजूला.

गच्चीवरचा रेडिओ:
काका, स्प्लिटर लावला. फेज भिंगरीसारखी फिरतेय! रविवारी क्रिस्टलचं काम काढतो. यागी काल रात्री झाली. मैदानाकडे वळवली की आवाज स्वच्छ येतो. पण आमच्या पत्र्याच्या टाकीकडे वळवली तरी येतो, तिकडे तर मित्र नव्हता.

टेपवाला:
टाकीवरून लहर परतते. एका जागेवरच्या दिशेवर विश्वास ठेवू नकोस. पन्नास पावलं बाजूला जाऊन पुन्हा बघ, खरी रेघ मैदानाकडेच राहील, टाकीची सरकेल. फॉक्स जवळ आला की सेट सगळीकडूनच फुल सिग्नल दाखवेल. तेव्हा अँटेना काढून सेट छातीशी धर आणि जागेवर गोल फिर. सिग्नल सर्वांत कमी होईल तेव्हा फॉक्स तुझ्या पाठीमागे.