काचेच्या बिल्डिंगची भिंत उभी कशावर असते? आणि सिलिकॉन मारल्यावर गळती वाढली कशी?

नववा_मजला:
नमस्कार मंडळी. मुंबईत आमचं ऑफिस नवव्या मजल्यावर आहे, बाहेरून सगळी काच. दोन पावसाळे पश्चिमेच्या बाजूला खालच्या पट्टीतून थोडंथोडं पाणी यायचं, म्हणून मेंटेनन्सवाल्यांनी झुल्यावरून माणूस उतरवून बाहेरनं सगळीकडे सिलिकॉन मारलं, आडव्या पट्टीला बारीक भोकं होती तीपण बुजवली. आणि यंदा आधीपेक्षा जास्त पाणी, कार्पेट भिजलं! दुसरं म्हणजे फॉल्स सीलिंग काढलं तेव्हा दिसलं की स्लॅबची कड आणि काच यांच्यात चांगली चार बोटं फट आहे आणि तिच्यात लोकरीसारखं काहीतरी कोंबलंय. मग ही काच टेकलीय कशाला? मी रोज तिला खेटूनच बसतो, म्हणून विचारतोय.

फसाडवाला_ठाणे:
दादा आधी ती भोकं मोकळी करायला लावा, बाकी नंतर. ती वीप होल आहेत, मुद्दाम ठेवलेली.

आता भिंतीचं. कर्टन वॉल म्हणजे नावाप्रमाणे पडदाच, तिच्यावर बिल्डिंगचं काही वजन नसतं, ते सगळं कॉलम आणि स्लॅबवर. ही फक्त स्वतःचं वजन आणि वाऱ्याचा जोर घेते आणि तो स्लॅबच्या कडेला मारलेल्या ब्रॅकेटवर सोडते. उभा ॲल्युमिनियमचा सेक्शन म्हणजे मलियन, तो वरच्या बाजूने ब्रॅकेटला टांगलेला असतो आणि खालचं टोक खालच्या मलियनमधल्या स्लीव्हमध्ये नुसतं सरकवलेलं, मध्ये थोडी जागा सोडून. कारण उन्हात ॲल्युमिनियम वाढतं, 3.6 मीटरच्या मलियनला 40 डिग्रीचा फरक पडला तर साधारण साडेतीन मिमी, शिवाय स्लॅबपण वजनाने किंचित वाकतो. ती जागा नसती तर सगळा ताण काचेवर आला असता.

वारा हलका समजू नका. आपल्या आयएस 875 मध्ये, म्हणजे बिल्डिंगवरच्या भारांच्या भारतीय मानकात, मुंबईचा वाऱ्याचा बेसिक वेग 44 मीटर पर सेकंद आहे, नुसत्या त्याच्या हिशोबाने एका चौरस मीटरवर साधारण 118 किलोचा दाब होतो, आणि बिल्डिंगच्या कोपऱ्यात वारा काच बाहेर ओढतो, तिथे जोर अजून जास्त.

आणि पाणी. बाहेरच्या गास्केटमधून, म्हणजे काचेच्या कडेच्या रबरी पट्टीतून, थोडं पाणी आत शिरणारच असं धरूनच चांगली सिस्टीम बनवतात. ते ट्रान्समच्या, म्हणजे आडव्या पट्टीच्या, पोकळीत पडतं आणि वीप होलमधून बाहेर जातं. त्याच भोकांतून बाहेरची हवापण पोकळीत येते, म्हणजे दोन्हीकडे दाब सारखा, मग वारा पाणी आत ढकलू शकत नाही. तुमच्याकडे भोकं बंद केल्यावर निचरापण गेला आणि दाबपण बिघडला, पाणी साठून आतल्या बाजूने ओसंडलं. सिलिकॉन दिसलं की लोकांना बरं वाटतं, पण माझ्या मते या कामात सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं.

बॉस्टनमधून:
फसाडवाल्यांनी जागा सोडण्याचं सांगितलं त्यावरून आठवलं. इथला 60 मजली जॉन हॅनकॉक टॉवर, 1973 मध्ये त्याच्या काचा निखळून रस्त्यावर पडायला लागल्या, जागोजागी प्लायवूड लावायची वेळ आली. लोकांना वाटलं बिल्डिंग हलते म्हणून. खरं कारण निघालं की डबल काचेच्या मधली धातूची पट्टी काचेला शिशाच्या सोल्डरने इतकी घट्ट जोडली होती की तिला हलायला वावच नव्हता, ऊन-वाऱ्याने काच हलत राहिली आणि शेवटी जोडाजवळ काचच तडकली. सगळ्याच्या सगळ्या 10,344 काचा बदलल्या.

फायरवाली_ताई:
त्या लोकरीला हात लावू देऊ नका प्लीज! ती मिनरल वूल आहे, फायर स्टॉप. ती नसेल तर ती चार बोटं फट म्हणजे तळापासून वरपर्यंत चिमणी, खालच्या मजल्यावर आग लागली की धूर आणि ज्वाळा सरळ तुमच्याकडे. केबलवाले वायर टाकायला ती उपटतात आणि तशीच सोडून जातात, मी हे स्वतः बघितलंय आणि दर वेळी जीव वर-खाली होतो. वूल दाबून बसवलेलं हवं आणि वरून स्मोक सीलचा, म्हणजे धूर अडवणारा, थर अखंड हवा. कुठे भोक दिसलं तर बिल्डिंगच्या फायर ऑफिसरला लेखी कळवा, तोंडी नको.

नववा_मजला:
सगळ्यांचे खूप आभार. काचेच्या दोन गाळ्यांची भोकं मोकळी केली, अक्षरशः काळं पाणी धावत बाहेर आलं. कालच्या पावसात तिथे आत पाणी नाही. एका कोपऱ्यात मात्र अजून ठिबकतंय. वूल एका ठिकाणी केबलपाशी फाटलेलं आहे, मेल केलाय.

फसाडवाला_ठाणे:
कोपऱ्यात गास्केट आखडून मध्ये फट पडली असेल, असं खूप होतं. पण अंदाजाने सिलिकॉन नका मारू देऊ. कोरड्या दिवशी बाहेरनं पाइपने पाणी मारायला सांगा, सगळ्यात खालच्या सांध्यापासून सुरू करून एकेक सांधा वर वर जायचं, आत एक माणूस टॉर्च घेऊन उभा. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कळतच नाही.