झेंडूचा अर्क: ‘अँटिऑक्सिडंट’ आणि ‘जंतुनाशक’ ही बिरुदं काढून घ्यावीत का?

काचपट्टी
दसरा-दिवाळीनंतर उरलेल्या झेंडूचं काय करायचं, याला हल्ली एकच उत्तर ठरलेलं आहे. अर्क काढा, डीपीपीएच चाचणी करा (अँटिऑक्सिडंट असेल तर या द्रावणाचा जांभळा रंग फिका पडतो), दोन जिवाणूंच्या प्लेटांवर अर्काची चकती ठेवा आणि दोन्ही बिरुदं चिकटवून मोकळे व्हा. माझ्या मते एवढ्यावर एकही देऊ नये. डीपीपीएच हा बाटलीत टिकणारा जांभळा मुक्तमूलक (फ्री रॅडिकल), शरीरात तो नसतोच. प्लेटचं गणितही बघा. १०० मिग्रॅ/मिली अर्काचे २० मायक्रोलीटर म्हणजे चकतीवर २ मिग्रॅ. शेजारची जेंटामायसिन या प्रतिजैविकाची चकती असते १० मायक्रोग्रॅमची. दोनशेपट माल ओतून चकतीभोवती जिवाणू न वाढलेलं १२ मिमीचं वलय आलं तर कौतुक कसलं? त्यातले ६ मिमी तर चकतीचेच!

रानशेवंती
असहमत. चाचणी बिचारी ठीक आहे, हात ढिले असतात. पाकळ्या हिरव्या देठापासून सोडवा, सावलीत वाळवा, भरड दळा. १० ग्रॅमला ७० टक्के इथेनॉल १०० मिली, २४ तास अंधारात, अधूनमधून हलवत. गाळून ४० अंशांखाली निर्वातात आटवा. सुका अर्क साखरेमुळे हवेतलं पाणी ओढतो. डेसिकेटरबाहेर (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्याबाहेर) राहिला की वजन चुकलं आणि पुढचं सगळंच चुकलं.

डीपीपीएच ३.९ मिग्रॅ, मिथेनॉल १०० मिली, त्याच दिवशी वापरायचं. ३० मिनिटं अंधारात ठेवून ५१७ नॅनोमीटरला वाचा. इथे हमखास राहून जाते ती डीपीपीएच न घातलेली नळी, म्हणजे नुसता अर्क आणि मिथेनॉल. उदाहरणार्थ लाल जास्वंदीचं अँथोसायनिन हे रंगद्रव्य ५२० च्या आसपासच प्रकाश शोषतं. ते वजा केलं नाही तर चांगला अर्कही निकामी दिसतो. हे सांभाळलं तर एका घाण्याची दुसऱ्याशी तुलना करायला इतकी स्वस्त चाचणी दुसरी नाही.

काचपट्टी
तुलना करा की, कोण अडवतंय? पण पाकिटावर ‘ल्युटीनयुक्त’ छापता त्याचं काय? झेंडूतलं ल्युटीन, म्हणजे त्याचं पिवळं रंगद्रव्य, मेदाम्लांशी बांधलेलं असतं. ते हेक्झेनसारख्या मेद विरघळवणाऱ्या द्रावकात उतरतं, ७० टक्के इथेनॉलमध्ये नावापुरतं. जांभळा रंग उडवला क्वेर्सेटाजेटिनसारख्या फ्लॅवोनॉइडांनी आणि हार ल्युटीनच्या गळ्यात. नळीतून थेट शरीरात उडी मारणाऱ्यांसाठी: फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट दिलं, १९९४ साली निकाल आला, त्यात फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला दिसला. अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची ‘ओरॅक’ यादी २०१२ मध्ये मागे घेतली ती उगाच नाही.

अगरअगर
वलयापुरता काचपट्टींशी सहमत, पण उलट कारणाने. तेलकट रेणू अगरमध्ये, म्हणजे प्लेटमधल्या जेलीत, सरकतच नाहीत, त्यामुळे वलय नाही म्हणजे गुण नाही असंही होत नाही. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये द्रव माध्यम घ्या, मिलीला ५ लाख पेशी, अर्क विरघळवणारा डीएमएसओ हा द्रावक १ टक्क्याच्या आत आणि नुसत्या डीएमएसओचा एक खळगा वेगळा. शेवटी रेझाझुरिन हे रंगद्रव्य घातलं की जिवंत जिवाणू निळ्याचा गुलाबी करतात. गोम अशी की जोरदार अँटिऑक्सिडंट अर्क स्वतःही रंग पालटू शकतो. म्हणून जिवाणू न घातलेला, फक्त अर्काचा खळगा हवाच. किमान रोधक संहती (ज्या कमीत कमी प्रमाणात जिवाणूंची वाढ थांबते ते) १००० मायक्रोग्रॅम/मिलीच्या वर गेली तर गाजावाजा नको.

आणखी एक, जे झेंडूवाले सहसा तपासत नाहीत. या फुलात अल्फा-टर्थायनिल नावाचा रेणू असतो. अतिनील-अ प्रकाश पडला की तो सिंगलेट ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचं अतिक्रियाशील रूप, तयार करतो आणि त्याने पेशी मरतात. एकाच फुलात ऑक्सिडीकरण रोखणारे रेणू आहेत आणि ते पेटवणाराही! प्लेट अंधाऱ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवता, मग हा गुण दिसणार कुठून? एक संच उजेडात, एक अंधारात लावा.

फोडणी
सगळे औषधावरच का अडलात? खाद्यतेल टिकवणं हेही अँटिऑक्सिडंटचंच काम. रोझमेरीचा अर्क युरोपात ई-३९२ म्हणून रीतसर मान्य आहे. बिरुद काढून घ्यायची भाषा मला पटत नाही. शेंगदाणा तेल ६०–६५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा: एक नुसतं, एक बीएचटी (कृत्रिम अँटिऑक्सिडंट) २०० पीपीएम घालून, एक अर्काचं. दर तीन दिवसांनी पेरॉक्साइड मूल्य, म्हणजे खवटपणाचं माप, काढा. इथेनॉलचा अर्क तेलात विरघळत नाही, तळाशी बसतो. मग वरचं तेल तपासून ‘अर्क फुकट’ म्हणू नका. पाकळ्यांबरोबर हिरवा भाग आला तर हरितद्रव्य उजेडात तेल उलट लवकर खवट करतं.

काचपट्टी
तेलाला माझी हरकत नाही, कारण तिथे तुम्ही खवटपणाच मोजताय. पण या धाग्यावरून कोणी झेंडूचं क्रीम करायला निघालं असेल तर थांबा. अगरअगर म्हणतात तो रेणू उन्हात त्वचेलाही सोडत नाही. युरोपीय संघाने २०१८ मध्ये टॅजेटिस इरेक्टाच्या, म्हणजे आपल्या हाराच्या झेंडूच्या, फुलांचा अर्क सौंदर्यप्रसाधनांतून बाद केला.

रानशेवंती
क्रीममध्ये चालतं ते कॅलेंड्युला, झेंडूसारखंच दिसणारं फूल. ती वनस्पतीच वेगळी, तिची पानं साधी असतात. आपल्या झेंडूची पिसासारखी कापलेली. माल घेताना फूल नको, पान बघा.