डोळ्यांच्या दवाखान्यातलं टेक्निशियनचं काम कसं असतं?

मालवणकन्या: बारावी सायन्स झालंय. ऑप्टोमेट्रीला, म्हणजे डोळे तपासायच्या कोर्सला जायचंय, पण बाबा म्हणतात आयुष्यभर चष्म्याचे नंबरच काढणार का? कोणी हे काम करत असेल तर सांगा ना.

रत्नागिरीकर: मी ६ वर्षं करतेय गं. नंबर हा एक भाग झाला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ए-स्कॅनने, म्हणजे अल्ट्रासाऊंडच्या यंत्राने डोळ्याची लांबी मोजायची, त्यावरून डोळ्यात बसवायच्या लेन्सची पॉवर ठरते, १ मिमी चुकलं तर नंबर अडीच-तीनने चुकतो. प्रोब, म्हणजे यंत्राचं डोळ्याला टेकवायचं टोक, बुबुळावर जरा दाबला गेला की डोळा आखूड दिसतो. माझा हात सुरुवातीला असाच दाबायचा, एका आजोबांचं रीडिंग दोन डोळ्यांत बरंच वेगळं आलं, पोटात गोळाच आला, मग परत परत घेतलं तेव्हा जुळलं.

वेंगुर्ल्याचा: आमच्याकडे होडीवर जाणारे लोक जास्त, उन्हावाऱ्याने बुबुळावर मांस वाढलेलं असतं. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की अर्धा तास थांबावं लागतं आणि त्यांना एसटी गाठायची असते, तेव्हा गोड बोलून बसवणं हेही आपलंच काम. बाबांना एक दिवस दवाखान्यात घेऊन ये.

मालवणकन्या: आणते नक्की. ए-स्कॅन कितव्या वर्षी शिकवतात?