'गावावर सोपवा, गाव सांभाळेल' हे वाक्य कुणाच्या जिवावर?

दट्ट्या:
परवाच्या एका लेखात ठासून लिहिलं होतं, की गरीब देशांना बदलत्या हवामानात तगायचं असेल तर सरकार आणि इंजिनिअर यांनी बाजूला व्हावं, सगळं गावावर सोपवावं, गाव आपलं आपण सांभाळतं. खाली 'सहमत, सहमत'चा पाऊस. मला ते वाचून संताप आला, म्हणून सविस्तर लिहितोय.

सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत हे १९८०च्या दशकापासून राबवून झालंय. पंप गावाचा, समिती गावाची, दुरुस्ती गावाची. २००९च्या सुमारास देशोदेशीचे आकडे एकत्र केले, तेव्हा साधारण तिनांतला एक हातपंप बंद निघाला. समितीला दोन-तीन दिवसांचं प्रशिक्षण, पान्यांचा संच आणि एक वही मिळते. पहिल्या वर्षी पंप नवा, म्हणून वर्गणी जमते आणि पडून राहते. मग ती कुणाच्या आजारपणात, कुणाच्या पेरणीत उसनी जाते. पावसाळ्यात लोक ओढ्याचं पाणी भरतात आणि वर्गणी थांबते. ऐन कोरड्या महिन्यात सिलिंडरमधला (पाणी ओढणाऱ्या, बोअरच्या तळाशी असलेल्या नळकांड्यातला) वॉशर जातो तेव्हा गल्ला रिकामा, सुटा भाग मिळतो तो लांबच्या बाजारात, आणि शिकवलेला मेकॅनिक कामासाठी शहरात गेलेला. शहरातल्या नळाची देखभाल तिथल्या रहिवाशांनी पाने घेऊन करावी असं कुणी म्हणत नाही. मग सगळ्यांत गरीब माणसावरच हा बोजा का?

पालवी:
असहमत. एका पंपावरून सगळी चळवळ निकालात काढू नका.

नायजरच्या माराडी भागात १९८०च्या दशकात टोनी रिनाउडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ रोपं लावत होते आणि ती वाळून जात होती. रानात दिसणारी खुरटी झुडपं म्हणजे तोडलेल्या झाडांचे जिवंत खुंट आहेत, खाली मुळं शाबूत आहेत, हे ध्यानात आल्यावर लागवड मागे पडली आणि खुंट राखणं सुरू झालं. काम सोपं आहे. एका खुंटावर पुष्कळ फुटवे असतात. त्यांतले सरळ, जोमदार तीन ते पाच ठेवायचे, बाकीचे बुंध्यालगत छाटायचे. ठेवलेल्यांच्या बाजूच्या फांद्या साधारण निम्म्या उंचीपर्यंत काढायच्या. हत्यार धारदार हवं आणि घाव खालून वर, नाहीतर साल सोलवटून निघते आणि फुटवा कुजतो. काही महिन्यांनी फिरून नवे फुटवे काढायचे. पुढे वर्षाला एखादा फुटवा सरपणाला न्यायचा आणि त्याच्या जागी दुसरा धरायचा. रोपवाटिका नाही, पाणी घालणं नाही. सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडं परत आली, ती शेतकऱ्यानं शेतकऱ्याचं पाहून.

दट्ट्या:
झाडाला वॉशर लागत नाही, म्हणून ते उदाहरण सोपं जातं. शिवाय तुम्ही अर्धी गोष्ट गाळलीत. वसाहतकाळापासूनच्या कायद्यानं तिथली झाडं सरकारची होती आणि तोडली तर दंड होता. म्हणून शेतकरी रोप दिसलं की नांगरून टाकत. वनखात्यानं हात आखडता घेतला, झाड शेतमालकाचं मानलं, तेव्हाच खुंट राखणं परवडलं. हा निर्णय वरून झाला.

पालवी:
वरून हक्क सोडला, यालाच बाजूला होणं म्हणतात! माझं म्हणणंच तुम्ही माझ्याविरुद्ध वापरताय.

हिशेबी:
दोघांनाही एक प्रश्न: 'गाव' म्हणजे कोण? बुर्किना फासोचे शेतकरी याकुबा सावादोगो यांनी सुधारलेले 'झाई' खड्डे सगळे मिरवतात, २०१८ साली त्यांना राइट लाइव्हलीहुड पुरस्कारही मिळाला, आणि पद्धत खरंच चांगली आहे. उन्हाळ्यात कडक झालेल्या जमिनीत वीतभर खोल, वीत-दीड वीत रुंद खड्डे, तीन-चार पावलांना चार-पाच, प्रत्येकात दोन ओंजळी शेणखत. वाळवी त्या खताला येते, बोगदे पाडते आणि पाणी खाली मुरतं. पण हेक्टरी दहा हजारांच्या वर खड्डे होतात आणि त्यांना तीनशे तासांहून जास्त खणकाम लागतं. ज्या घरातला कर्ता पुरुष मजुरीला बाहेर आहे, तिथे हे कोण खणणार? खत कुणाकडे? ज्याच्याकडे गुरं त्याच्याकडे. भुसभुशीत वाळूत कडा ढासळतात आणि अतिवृष्टीच्या वर्षी खड्ड्यात पाणी तुंबून रोप पिवळं पडतं, हेही कौतुकाच्या लेखांत येत नाही.

पाटकरी:
नेपाळच्या डोंगरी पाटांकडे पाहा. तिथे दगड-फांद्यांचे बांध दर पावसाळ्यात वाहून जातात. ते पुन्हा घालायला वरच्या शेतकऱ्याला शेपटाकडच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याचे हात लागतात, म्हणून शेपटापर्यंत पाणी सोडावं लागतं. मदतीच्या पैशातून काँक्रीटचा पक्का बांध आला की हातांची गरज संपते आणि काही ठिकाणी शेपटाचं पाणीही संपतं. सामायिक साधनांचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथले शेकडो पाट तपासले. शेतकऱ्यांनी चालवलेले पाट सरकारी पाटांपेक्षा शेपटापर्यंत पाणी जास्त पोचवत होते.

पण पूर मोठे होत चाललेत आणि फांद्यांचा बांध एका मोसमात तीनदा जाऊ लागला तर तो घालण्यातच माणसं थकतील. तेव्हा पक्का बांध लागेलच. मात्र खणायच्या आधी वाटणी लिहून घ्यावी आणि वाटणीच्या जागी खाचांचा ओंडका बसवावा. ज्याची खाच जेवढी रुंद, तेवढा त्याचा वाटा. झडप बसवलीत की ती फिरवणारा माणूस मालक होतो.

बोअर:
धाग्याच्या सुरुवातीला समितीवर जो आरोप झाला तो मला मान्य नाही. बंद पंपांतल्या कितीतरी पंपांत समितीचा काडीचा दोष नसतो. पंप बसवतानाच चुकीचा पाइप उतरवलेला असतो.

भूजलाचा सामू (पीएच) साडेसहाच्या खाली, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकलेलं असेल तर जस्त चढवलेला पाइप टिकत नाही. जस्त आधी जातं, मग आटे सडतात, मग सांध्यात भोक पडतं. पाणी वर येतायेता परत बोअरमध्ये गळतं आणि बाई पन्नास वेळा दांडा मारते तेव्हा कुठे धार लागते. त्याआधी पाणी लालसर होतं, चव लोखंडी, कपड्यांवर डाग, भात काळपट. मग बायका गुपचूप ओढ्याकडे वळतात आणि अहवालात लिहिलं जातं, 'लोकांत आपलेपणाची भावना नाही.'

दट्ट्या:
लाल पाणी पुष्कळदा जमिनीतल्या लोहाचंच असतं. सगळं पाइपवर ढकलू नका.

बोअर:
ओळखणं अवघड नाही. रात्रभर पंप बंद ठेवा. पहाटे पहिली बादली लाल आली आणि सतत उपसल्यावर पाणी स्वच्छ होत गेलं तर लोह पाइपाचं. तासभर उपसूनही लालच राहिलं तर जमिनीचं. एवढी तपासणी न करता समितीला नावं ठेवणं हा अन्याय आहे, आणि तुम्ही तो केलात.

दट्ट्या:
मी समितीला चोर म्हटलेलं नाही! उसनवारी होते म्हटलं, कारण गरिबाच्या गावात बिनकामाचा पैसा पडून राहूच शकत नाही. आणि पाइप बदलायचा तर कसा? इंडिया मार्क-दोन या हातपंपाला तीस मीटरवर सिलिंडर म्हणजे तीन-तीन मीटरचे दहा पाइप. नुसत्या पाइपांचं वजन नव्वद-शंभर किलो, वर सळया आणि आतलं पाणी. तिपाई, क्लॅम्प आणि चार तरबेज माणसं हवीत. एक क्लॅम्प सुटला तर सगळी माळ बोअरमध्ये जाते. हे कुठली समिती करणार?

बोअर:
म्हणूनच आफ्रिडेव हा हातपंप आला. त्यात पाणी ओढणारा दट्ट्या पाइपाच्या आतून सळईबरोबर वर येतो, पाइप काढावाच लागत नाही. रबरी सील आणि दांड्याचे प्लॅस्टिक बेअरिंग एका पान्यानं बदलतात. गावातल्या दोन बायका हे करू शकतात आणि करतातही. त्याची मर्यादा साधारण ४५ मीटर. त्याहून खोल पाणी असेल तर तुमचं म्हणणं बरोबर. पाइप प्लॅस्टिकचा आणि चिकटवलेला असतो. सांधा निसटला तर तिथेही गाव हतबल, हे कबूल. आणि बोअरच्या जाळीच्या फटी मोठ्या राहिल्या किंवा भोवती खडी नीट भरली नाही तर वाळू वर येते आणि सील महिन्यांत झिजतं. ती चूक कंत्राटदाराची असते, भरपाई मात्र गाव करतं.

पालवी:
पंपाच्या नळीत धागा अडकलाय. मूळ प्रश्न हवामानाचा होता.

बोअर:
दुष्काळात पंपच बंद असेल तर कसली हवामान-सज्जता? हे अवांतर नाही.

भरतीरेषा:
बांगलादेशचं कुणीच काढलं नाही. १९६०च्या दशकात किनाऱ्यावर बांध घातले. भरतीचा गाळ शेतात पसरेना, नदीच्या पात्रातच बसू लागला. पात्र चढलं, आतली खोलगट जमीन पाण्यात बुडाली. १९९७ साली बील भैना या खोलगट पाणथळ भागात (तिथे अशा भागाला 'बील' म्हणतात) लोकांनी स्वतः बांध कापला. भरतीबरोबर गाळ आत आला, ओहोटीनं नदी खरवडून निघाली. २००१ साली काप बुजवला तेव्हा कापाजवळची जमीन दीड मीटरच्या आसपास वर आली होती, आणि नदी खोल झाली होती. तेव्हा इंजिनिअर चुकले होते, लोक बरोबर होते.

पण काही वर्षं शेत पाण्याखाली ठेवायचं तर त्या वर्षांचं पोट कोण भरणार? पुढे सरकारनं हीच पद्धत उचलली, पण भरपाईला जमिनीचे कागद लागत, ते गोळा करताकरता लोक दमले. बटाईदाराला तर कागदच नाही. बील कपालियात २०१२ साली विरोध हिंसक झाला, तो यातूनच. शिवाय कापाजवळ गाळ जास्त आणि लांबच्या टोकाला जेमतेम बसतो. काप फिरता ठेवला नाही तर लांबचे शेतकरी नुसतेच बुडतात.

हिशेबी:
नेमकं हेच. आणि पैशाचं म्हणाल तर आंतरराष्ट्रीय हवामान निधीतला दहा टक्क्यांहून कमी पैसा स्थानिक पातळीसाठी होता, असा २००३ ते २०१६ या काळाचा अंदाज आहे. गावावर जबाबदारी शंभर टक्के, पैसा दहाच्या आत.

दट्ट्या:
ठीक आहे. पाइपाच्या बाबतीत मी समितीवर जास्त ओढलं, ते मागे घेतो. सामू न तपासता पाइप उतरवणं हा बसवणाऱ्याचा गुन्हाच आहे. पण माझा मुद्दा उरतोच. केनियात कितुई आणि क्वाले इथे फंडीफिक्स नावाची व्यवस्था आहे. गाव ठरावीक वर्गणी भरतं, पगारी मेकॅनिक मोटरसायकलवर येतो, सुटे भाग त्याच्या गोदामात असतात. महिनाभर बंद राहणारे पंप तीन दिवसांच्या आत सुरू होऊ लागले. गावानं पाना हातात धरलाच पाहिजे असं नाही.

बोअर:
वर्गणीत त्यांचा खर्च निघत नाही. उरलेला निधीतून भरावा लागतो.

दट्ट्या:
निघणार नाहीच. तो दरवर्षी सरकारी अंदाजपत्रकात लिहिलेला असावा, देणगीदाराच्या मर्जीवर नको.

पालवी:
त्या पैशातून आधी कोणता पंप दुरुस्त होणार आणि मेकॅनिक आला नाही तर त्याचे पैसे कोण अडवणार, हे गावानं ठरवायचं असेल तर माझी हरकत नाही. ते अधिकारी ठरवणार असेल, तर आहे.

बोअर:
आणि बोअरचा सामू गावाच्या वहीत, पहिल्या पानावर. पाइप उतरवायच्या आधी.